पेपराला दिलेली निलव्वा

तुमचा-माझा एकत्र फोटो शेवटी निघाला बघा. तुमी मेल्यावर निघाला.

आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं न्हाई, बसवून नेतात. तसं तुमाला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला भस्म, डोक्याला जरीचा फेटा, तळहातावर इष्टलिंग. मान पडू नये म्हणून हनुवटीखालून पंचा बांधला होता, तो हारांखाली झाकला. भजन चालू असतानाच थोरले भावजी स्टेशनाकडच्या फोटोवाल्या करीममियांना घेऊन आले. त्यांनी तिपाई उभी केली, काळ्या कापडात डोकं घातलं, अन् कुणीतरी मला धरून तुमच्या शेजारी आणून बसवलं. "बाई, हिलो नक्को," करीममियां म्हणले. मी हलले. रडताना माणूस हलणारच की. तुमी मात्र जराबी हलला न्हाईत. जन्मभर सांगत आले, एका जागी बसा म्हणून, तवा कुठं ऐकलंत.

आता जो तो तुमच्याबद्दल गोड बोलायलाय. मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्यांनी तुमाला बघून दुकानाची फळी लावून घेतली, ते बी येऊन डोळे पुसून जायलेत. बोलू द्या. मला तुमची आरती ओवाळायची न्हाई, मला भांडायचं हाय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, अन् ते अर्धं टाकून तुमी निघून गेलात. आपली एकुलती एक लेक निलव्वा, तिचा एकुलता एक फोटो. तो तुमी पेपराला दिलात अन् मरंस्तोवर परत आणला न्हाई. एवढंच भांडण हाय, दुसरं काई न्हाई.

आपल्या घरात फोटोंचं काय कमी होतं? ट्रंकभर हायेत. सगळ्यात जुना कपाचा. परभणीच्या मैदानात पळण्यात पहिले आलात, तालुकदार साहेबांनी आपल्या हातानं कप दिला, त्याचा. छातीवर पट्टा, अन् कप असा कवळून धरलाय जसं काय लेकरूच. मामंजी म्हणले होते, "वाण्याचं पोर तराजू टाकून पळायलंय! मागं कोण लागलंय रे तुज्या?" सगळी पेठ हसली होती. पण तोच फोटो मामंजींनी दुकानात गादीच्या वर लावला, अन् गिऱ्हाईकाला गूळ बांधून देता देता बोटानं दाखवायचे. मी नवी नवरी होते. मला वाटलं, चला, नवरा नावाजलेला हाय.

मग तुमचा गुडघा गेला. पळणं बंद झालं, पण पाय काई घरात ठरंनात. पळायच्या पायी पालमापासून राणीसावरगावापर्यंतच्या पायवाटा तुमाला पाठ झाल्या होत्या. त्याच वाटांनी लंगडत लंगडत बातम्या गोळा करायला लागलात. निजामाच्या मोगलाईत तसलं छापायची सोय न्हाई, म्हणून पेपर खालसा, म्हणजे इंग्रजाच्या मुलखातला. इथं तो कापडाच्या गठ्ठ्यात लपून यायचा. तुमचं नाव त्यात कधी आलं न्हाई. "आमच्या गंगाखेडच्या बातमीदाराकडून" एवढंच. तेवढं वाचता यावं म्हणून तुमी मला अक्षरं शिकवलीत, चुलीपुढच्या राखेत बोटानं काढून. आत्याबाई ओरडायच्या, "राखंत काय रेघोट्या ओढायलाव?" तुमी म्हणायचे, "हिला हिशेब शिकवायलोय." आज हे लिहायलेय ते त्याच अक्षरांनी. त्या उपकाराला न्हाई म्हणले तर माझी जीभ झडंल.

पण फोटोत मी कुठं? भावांबरोबर तुमी, मामंजींबरोबर तुमी, पेपरवाल्या मंडळींबरोबर कोटाच्या खिशाला पेन लावून तुमी. मी दाराआड, हातात चहाचा ट्रे धरून. बायकांनी फोटोला बसायची आपल्या घरात रीतच न्हवती.

एकदाच तुमी हट्ट धरलात. निलव्वा चार-पाच वर्साची असंल. तुमी म्हणलात, "लेकीचा फोटो पाहिजे, अन् तिच्या आईचा बी पाहिजे." आत्याबाई लय भडकल्या. "फोटो काढला की आयुष्य तुटतंय," म्हणल्या. तुमी तीन दिवस जेवण सोडलंत, तवा कुठं कबूल झाल्या. पण अट घातली, नटायचं न्हाई. नजर लागती. मला दंड घातलेलं विटकं लुगडं नेसवलं. पोरीला फाटका परकर, केसाला तेल न्हाई, गालाला काजळाचं बोट, वरून राखेचा हात. माझ्या अंगावरचं सगळं उतरवून घेतलं, पोरीचं बी घेतलं. तिच्या उजव्या पायातला चांदीचा वाळा तेवढा राहिला, कारण पाय वाढला होता अन् तो निघतच न्हवता. आत्याबाईंनी परकर खाली ओढून तो झाकला. पोरीनं बसल्या बसल्या पाय पुढं काढला.

फोटो आला तवा मी लाजले. तुमी मात्र किती तरी वेळ बघत बसलात. नंतर मला कळलं की तुमी काय बघत होतात.

त्या साली सरकारी लेव्हीत गावागावातून ज्वारी उचलून न्यायलेले. तुमी राणीसावरगावाकडं जाऊन आलात. एका बाईनं तुमच्या पुढं मोकळी कणगी उपडी करून दाखवली, हे तुमी मला रातभर सांगत बसलात. ती बाई खरी, तिची कणगी खरी, तिची उपाशी लेकरं खरी. बातमी सोळा आणे खरी, मी कुणापुढं बी सांगीन. पण पेपरवाल्यांनी निरोप धाडला, फोटो असंल तर पहिल्या पानावर घेऊ. आता तिथं फोटो काढायला करीममियांना नेणार कोण? पोलिसाचा ससेमिरा लावून घ्यायला ते येतील तरी कशाला? तुमी ट्रंक उघडलीत अन् आपला फोटो पाठवून दिलात. मला विचारलं न्हाई.

पेपर आला त्या दिवशी मी भाकरी थापत होते. निलव्वा तुमच्या मांडीवर. तुमी पान अर्धं दुमडून वाचून दाखवायलेलात, फोटो मला दिसू नये असं. पोरीनं पान उलटलं.

"अप्पा, ही मी! अव्वा बी हाय!"

तुमी तिच्या तोंडावर हात ठेवलात. "ती तू न्हाईस. ती दुसरी पोरगी हाय."

"न्हाई, मीच की!"

"गप. दुसरी हाय म्हणलं ना."

मी पीठ लागलेल्या हातानं पेपर ओढला. खाली छापलं होतं, लेव्हीत धान्य गेलेल्या घरची उपाशी आई अन् लेकरू. छपाई काळपट होती, माझ्याबिगर मला कोण ओळखणार? अन् गावातल्या गड्यांनी माझं तोंड बघितलं होतं कुठं? मी काई बोलायच्या आत तुमी तो पेपर चुलीत घातलात. झडती आली तर म्हणून. मी आत हात घातला तर तुमी मनगट धरलंत. म्हणलात, "फोटो सुखरूप हाय, त्यांच्याकडं हाय. येईल परत."

माझ्यापेक्षा पोरीचं ऐका. तिनं तुमचं बोलणं खरं मानलं. बाप सांगतोय म्हणजे दुसरी पोरगी असणारच. रोज विचारायची, "अव्वा, त्या दुसऱ्या निलव्वाला जेवाया मिळालं का?" आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा देवळीत ठेवायची तिच्यासाठी. रातीतून मुंग्या, उंदीर खाऊन जायचे अन् सकाळी पोरगी खूष, दुसरी येऊन जेवून गेली म्हणून. तुमी ते बघून हसायचे. मला हसू येत न्हवतं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, की जिवंत लेकराला तू तू न्हाईस असं म्हणू नये. तसं तुमाला बोलले बी. तुमी म्हणलात, "माझ्या आईचं वारं लागलं तुला."

त्याच वर्सी तिला ताप आला. हकीम झाला, वैद्य झाला, अंगारा झाला. तुमी पालमाकडं बातमीला गेलेले. निरोप धाडला, पण तुमी कोणत्या गावात हायेत ते कुणालाच ठावं न्हाई, कारण कुणाला सांगून जायचं न्हाई असाच तुमचा नेम. तुमी आलात तवा तिला मूठमाती देऊन झाली होती. तिथल्या ओल्या मातीवर तुमी पडून रडलात, दोघा गड्यांनी उचलून आणलं. तुमी बाप न्हवता असं मी कधी म्हणणार न्हाई. गोदावरीच्या वाळूत तिला खांद्यावर घेऊन त्या मोडक्या गुडघ्यानं पळायचे, ते माझ्या डोळ्यापुढं हाय. पण मग मी एकच मागितलं होतं ना? साडी मागितली? सोनं मागितलं? म्हणलं, माझा फोटो आणून द्या. मला लेकीचं तोंड बघायचंय.

"मागवतो," म्हणलात.

पुन्हा विचारलं, पुन्हा "मागवतो". मग एक दिवस चिडून बोललात, "काय सांगू त्यांना? ती बाई माझी बायको हाय म्हणून? सरकारी कचेरीतले आधीच म्हणायलेत, बातम्या बनावट हायेत. एक फोटो खोटा निघाला की माझा प्रत्येक शब्द खोटा. उद्या त्या गावाला वाली कोण?"

"बातमी खरी होती, मग तिला खोट्या फोटोचं ठिगळ कशाला लावलंत?"

तुमी पायताण घातलं अन् बाहेर गेलात. जरा कुठं अडलं की बाहेर.

मी करीममियांकडं बी गेले होते. तुमाला सांगितलं न्हाई कधी. तोंडावर पदर घेऊन, धाकट्या जावेला संगं घेऊन. म्हणलं, काचेवरून दुसरा काढून द्या. ते बिचारे कानाला हात लावून म्हणले, "बाई, काच धोके दुसरा फोटू निकाला. एक एक काच कित्ती बार धोना पडता." त्यांनी मला पाणी दिलं. मी तिथंच पायरीवर बसून रडले, अन् गिऱ्हाईक आलं तवा उठले.

हळूहळू पोरीचं तोंड मला आठवंना झालं. हे कुणाला सांगायची बी लाज वाटायची. आवाज आठवायचा, केस विंचरताना मान कशी चोरायची ते हाताला आठवायचं. तोंड मात्र पुसट होत चाललं. तुमाला सांगितलं तर म्हणलात, "हे राज्य जाऊ दे. मग मी स्वतः जाऊन आणतो."

गेलं की राज्य. गावात साखर वाटली, लोक तुमाला खांद्यावर घेऊन नाचले, आता तुमचं नाव उघड घ्यायला कुणी भ्यायचं न्हवतं. मी त्याच दिवशी म्हणलं, "आता?" तुमी म्हणलात, "जरा दम धर, सगळं निवळू दे." आता कोणाची भीती होती तुमाला? तहसीलदाराची न्हाई, पोलिसाची न्हाई. सगळे तुमाला खरा माणूस म्हणायलेले, ते गोड लागलं होतं. मग छातीचं दुखणं निघालं, खाट धरलीत, अन् शेवटच्या दिवसात मी उशाशी बसले की भिंतीकडं तोंड फिरवायचे. लोकांना वाटलं, दुखतंय.

आता तुमी गेल्यावर काय झालं ते ऐका.

पेपराचे संपादक भेटायला आले. भले माणूस वाटले, धोतर-कोट, डोळ्यात पाणी. म्हणले, तुमच्यावर खास अंक काढायचाय, अन् घरातले सगळे फोटो कचेरीत जपून ठेवायचेत, पुढच्या पिढ्यांसाठी. थोरल्या भावजींनी ट्रंक उघडून सतरंजीवर फोटो मांडले. कपाचा, तालुकदार साहेबांचा, भावांचा. मी दाराआड बसलेली. संपादक एकेक उचलून बघत होते. मग म्हणले, "पण त्यांची खरी आठवण आमच्या कचेरीच्या भिंतीवर आहे. लेव्हीच्या बातमीबरोबर त्यांनी पाठवलेला तो आई-लेकराचा फोटो. येणारा जाणारा त्याच्यापुढे उभा राहतो. त्या बाईचं पुढे काय झालं, हे मी त्यांना किती वेळा विचारलं. कधी सांगितलं नाही."

माझी लेक भिंतीवर. येणारा जाणारा बघतोय. मी सोडून सगळे.

मी उठून बाहेर आले. दिवस झालेले न्हवते, गड्यांपुढं यायची रीत न्हाई, ठावं हाय मला.

"ती बाई मी हाय," म्हणले. "अन् ती माझी निलव्वा."

भावजी ओरडले, "आत हो आधी!" संपादक चाचरले, "वहिनी, आपण दुःखात आहात. आपला समज..."

"तुमच्या भिंतीवरचा फोटो पुरा हाय का?"

"पुरा आहे."

"मग पोरीच्या उजव्या पायाकडं बघा जाऊन. चांदीचा वाळा हाय. ज्या घरात खायाला दाणा न्हाई त्या घरच्या पोरीच्या पायात चांदी कुठून आली, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकाला बी सुचलं न्हाई व्हय?"

संपादकांनी हातातला फोटो सतरंजीवर ठेवला. मग खाली बघून हळू बोलले, "पेपरात आम्ही गुडघ्यापर्यंतच छापला होता." फोटोतले पाय कुणी कापले, का कापले, हे मी विचारलं न्हाई. त्यांच्या तोंडावरून कळलं मला. ह्या खोट्यात तुमी एकटेच न्हवता तर.

मग म्हणले, "फोटो परत देईन. पण मग मला खुलासा छापावा लागेल. त्यांच्या नावाला..."

"छापा."

"मेलेल्या माणसाची अब्रू काढतीस?" भावजी म्हणले. "सख्ख्या नवऱ्याची?"

"माझी लेक बी मेलेलीच हाय भावजी. तिचं तोंड मला आठवत न्हाई. अब्रूचं मी काय करू?"

तुमी असता तर पायताण घालून बाहेर गेला असता. संपादक गेले न्हाईत. सतरंजीवरचे सगळे फोटो पुन्हा ट्रंकेत लावून दिले, अन् एक बी न घेता उठले.

खास अंक निघाला न्हाई. खुलासा निघाला, चार ओळींचा. अन् तुमी म्हणत होतात तसंच झालं, अगदी तसंच. पेठेत आता लोक म्हणायलेत, फोटो खोटा म्हणजे राणीसावरगावची बातमी बी बनावटच असणार. जे ज्वारी उचलायला गेले होते तेच आता छाती काढून सांगायलेत, आमी कुणाचा दाणा नेला न्हाई. त्या कणगीवाल्या बाईचं मला लय वाईट वाटतंय. तिनं काय केलं होतं? तिचं खरं तुमी माझ्या लेकीच्या अंगावर टाकलंत, अन् मी लेक उचलून घेतल्यावर ते खाली पडलं. भावजी माझ्याशी बोलत न्हाईत. आत्याबाई म्हणतात, हिनं दुसऱ्यांदा मारला माझ्या लेकाला. म्हणू दे. मी पुन्हा सांगायची वेळ आली तरी हेच सांगीन.

काल संपादकांचा माणूस फोटो देऊन गेला. मी दार लावून घेतलं. लय भीती वाटली. वाटलं, आता उघडल्यावर ही कुणी परकी पोरगी निघाली तर? कागद सोडला. तीच होती. राख लावलेला गाल, नाकाचा शेंडा जरा वर, उघड्या तोंडात डाव्या बाजूला मोडलेला दात. एका झटक्यात सगळी आठवली. मी तिला लय हाका मारल्या. मग बघितलं, तर पोरगी सरळ बघत न्हाई. सगळे फोटोत काचेकडं बघतात, हिनं मान वळवलीय, अन् रडता रडता तिला हसू फुटायलंय; परक्याला ते रडूच वाटंल. कुणाकडं ते माझ्या तवा ध्यानात आलं. पोरगी रडायलेली म्हणून तुमी करीममियांच्या बाजूला उभे राहून तोंड वेडंवाकडं करायलेलात. एवढ्या वर्सांनी लेक घरी आली, तुमची अब्रू घालवून आणली मी तिला, अन् ती तुमच्याकडंच बघायलीय.